चकती

बावीस हजार. अर्धे आगाऊ.
अजून फणसच असलेल्या एका गिटारीसाठी.

झिलू तारी बर्फाची लादी ढकलता ढकलता थांबला:
"कणकवलीक जा, दुकानात चार वाजवून बघ, बरी वाटात ती घे."
मी बोललो नाही. डावा हात हातमोज्यात होता.
दुकानातली प्रत्येक गिटार
चार पुऱ्या बोटांची वाट बघत टांगलेली असते.
माझी साडेतीन.
राहिलेल्या अर्ध्याचा हिशेब याच गिरणीत आहे,
देवगडच्या जेटीवर,
ट्रॉलर भोंगा वाजवत होता आणि मी घाईत होतो.

इनास मेस्त्री उभादांड्याला राहतो, वेंगुर्ल्याच्या पुढे.
फोनवर त्याने किंमत सगळ्यात शेवटी सांगितली.
आधी विचारलं, वाजवताना बसतोस कशावर?
मासळीच्या क्रेटवर, म्हटलं. उलटा घालून.
नखं वाढवतोस? तळव्याला घाम येतो?
घर खाडीला लागून, की वर सड्यावर?
रात्री शेजारच्या खोलीत कोण झोपतं,
म्हणजे खुला वाजवणार की दाबून?
बोट शिवताना डॉक्टरनेसुद्धा
इतकं विचारलं नव्हतं.

मग म्हणाला, हात पाठव.

पुतणीच्या गणिताच्या वहीचं पान, चौकटींचं.
मी पंजा ठेवला, तिने पेन्सिल फिरवली.
अनामिकेशी पेन्सिल लवकर वळली
आणि तिने वर बघितलं.
"आहे तेवढंच काढ," म्हटलं, "मापात."
पानाची घडी करून वेंगुर्ले गाडीच्या कंडक्टरकडे दिली.
त्याने ती तिकिटांच्या पेटीत ठेवली.
माझा हात माझ्याआधी
आचरा, मालवण करत गेला.

आमच्याकडे मोहोर बघून बागा घेतात,
आणि तुडतुडा पडला की कपाळाला हात लावतात.
मी मोहोरसुद्धा बघितला नव्हता.
दुसऱ्या महिन्यात रात्री झोप लागेना,
अकरा हजारांत काय काय आलं असतं ते मोजत पडायचो:
वहिनीचा मिक्सर, पत्र्याची डागडुजी,
दुकानातल्या दोन गिटारी.
शेवटी फोन केला. पलीकडे रंधा चालू होता.
नाही आवडली तर?

रंधा थांबला.
त्याचा बाप होड्या बांधायचा.
"होडी बांधूच्या आधी कोण व्हलवून बघता रे?
तुझ्या पाण्याची बांधतंय मी.
चलली तर तुझी.
बुडली तर माझी."
आणि रंधा परत सुरू.

गेल्या मंगळवारी डेपोतून बोलावणं आलं.
पार्सल बशीएवढं.
आत एक गोल चकती, हळदीसारखी पिवळी,
कडेला करवतीचे बारीक दात,
आणि वहीच्या त्याच पानाचा एक कोपरा:
"मधला काढला. बाकीचा माझ्याकडे हा."

म्हणजे गिटारीत जे नसणार
तेवढं आधी आलं.
मी आखूड बोटाने तिच्यावर टकटक केलं.
लाकडासारखाच आवाज. जास्त काही नाही.
आवाज जिथून यायचा ती जागा
उभादांड्याला, भुशात, उताणी पडली असेल.

वहिनीने ती लोणच्याच्या बरणीवर ठेवून बघितली.
"काय बरोबर बसली," म्हणाली,
तिच्या मापात कधी चूक होत नाही.
रात्री मी ती उचलून उशाला घेतो,
सकाळी ती झाकण शोधत येते.
खारं वारं लागून पिवळा रंग तांबूस होत चाललाय.
तिकडचाही होत असेल.

झिलू रोज विचारतो, "इली काय रे गिटार?"
"तिचा भोक इला," मी म्हणतो.
तो इतका हसतो की लादी
त्याच्या हातातून निसटून
जेटीवरून एकटीच पुढे जाते.